शेजारच्या सीटचा ब्रेक

आमच्याकडे जेवताना टेबल हलतं. टेबलाचा काही दोष नाही, त्याचे चारही पाय शाबूत आहेत. दोष माझ्या नवऱ्याच्या उजव्या पायाचा. कुठे दार आपटलं, टीव्हीवर एखाद्या गाडीने करकचून ब्रेक मारला, नाहीतर मीच तावातावाने पातेलं आदळलं, की यांचा पाय टेबलाखाली असा काही दाबला जातो की पेल्यातलं पाणी थेट माझ्या ताटात. विचारावं, "काय झालं?" तर हे मान वर न करता म्हणणार, "कुठे काय?"

यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे मास्तर. रस्त्यालगतच्या एका खोलीत आमचं ऑफिस आहे: भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, एक टेबल, दोन खुर्च्या, एक फोन आणि मी. बाहेर उभी असते ती आमची एकुलती एक गाडी. तिला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, सगळ्या गाड्यांना असतो तसा, आणि दुसरा शेजारच्या सीटच्या पायाशी, मास्तरचा. शिकणाऱ्याने घोळ घातला तर मास्तरने आपला दाबायचा, एवढीच त्याची गंमत.

या दुसऱ्या ब्रेकबद्दल यांचा तोरा असा होता की बघत राहावं. "ज्या मास्तरला रोज हा ब्रेक लागतो ना," हे म्हणायचे, "त्याने दुकान बंद करून घरी बसावं." आणि खरंच, शेजारी बसून हे निवांत बडीशेप चघळायचे. चौकात विद्यार्थ्याची गाडी बंद पडली, मागचे बोंबलायला लागले, बिचाऱ्याला घाम फुटला, तरी यांचं ठरलेलं वाक्य: "वाजवू दे त्याला. हॉर्न त्याचा, बॅटरी त्याची. आपण आपला क्लच दाबायचा." हे वाक्य ऐकत अर्धं गाव गाडी शिकलं आहे. मी सोडून. लग्न नवं असताना एकदा मीही बसले होते स्टिअरिंगवर. चौकापर्यंत गाडीने गेलो आणि तिथून मी तरातरा चालत घरी आले. त्यानंतर तो विषय आमच्या संसारात निघाला नाही.

मग तो अपघात झाला.

गाडी माझ्या धाकट्या भावाची होती, चालवतही तोच होता. हे शेजारी बसले होते. एका ओळखीच्या माणसाला दवाखान्यात बघून दोघं परत येत होते. अंधार पडायला आला होता, आणि भर रस्त्यात एक ट्रक बंद पडून उभा होता, मागे दिवा नाही की काही नाही. भावाला तो दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. भावाच्या मांडीचं हाड मोडलं, आत पट्टी घालावी लागली, अजूनही तो जरा लंगडत चालतो. यांना साधा ओरखडाही नाही. फक्त उजव्या बुटाची टाच निखळून आली होती. मी बूट दुरुस्तीला टाकला, आणला, आणि विसरून गेले.

भेटायला येणारे सगळे भावाच्या खाटेभोवती जमायचे. यांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "मास्तर, तुम्ही नशीबवान हो!" हे हसायचे. नशीबवान माणसाने तक्रार कशाची करायची? थोड्याच दिवसांत हे परत कामाला लागले. "आपल्या गाडीत मला काही होत नाही," असं यांनी मला न विचारताच सांगितलं, तेव्हाच खरं तर माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. इतर कुठल्याही गाडीत मात्र हे पाय ठेवीनात. आणि माझ्या भावाच्या गाडीचं तर नाव काढलं तरी यांचं डोकं दुखायला लागायचं.

भाऊ बरा झाला, त्याने दुसरी गाडी घेतली, हौसेने आम्हाला न्यायला आला. यांच्या पोटात गडबड. पुन्हा आला. यांना अचानक कुणाकडे तरी जायचं आठवलं. असं दोन-चारदा झाल्यावर भाऊ ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसला.

"ताई, खरं सांग. भाऊजींना वाटतं ना, मी त्यांना मारायलाच निघालो होतो?"

"काहीतरीच काय बोलतोस!"

"मला गाडी त्यांनी शिकवली गं. आणि आता माझ्या शेजारी बसायची त्यांना लाज वाटते. बसू देत नाहीतर नको. पण तोंडावर शिव्या तरी द्याव्यात."

एकीकडे नवरा, एकीकडे पाठचा भाऊ, आणि दोघांच्या मध्ये ते न बोललेलं. यांना विचारलं की हे विषय टाळायचे, आणि भाऊ हळूहळू यायचाच बंद झाला. मला रात्रंदिवस तेवढीच एक गोष्ट टोचत होती.

बिंग फोडलं ते मेकॅनिकने. त्याला सगळे पाना म्हणतात, कारण तो जेवायला बसला तरी खिशात पाना असतो. गाडी सर्व्हिसिंगला दिली होती ती परत करताना पाना म्हणाला, "वहिनी, मास्तर हल्ली गाडी शिकवतात की ब्रेक? पॅड पार झिजलेत. मागच्या खेपेला तर नवे टाकले होते."

मी म्हटलं, विद्यार्थी ठोंबे असतील. पाना डोकं खाजवत निघून गेला.

आणि मग एक दिवस नर्सबाई आल्या. या आमच्या विद्यार्थिनी. नुकतीच त्यांनी परीक्षा दिली होती. आमच्याकडे परीक्षा मैदानात होते, रांगत रांगत आठचा आकडा काढायचा आणि गाडी मागे घ्यायची. त्यात त्या झोकात पास झाल्या, लायसन्स मिळालं, आणि स्वतःची गाडी घेऊन पहिल्यांदाच एकट्या बाहेर पडल्या. बाहेर पडल्या म्हणजे काय, स्वतःच्याच इमारतीच्या फाटकाचा खांब पाडून बाहेर पडल्या. कुणाला लागलं नव्हतं, पण बाई भयंकर संतापल्या होत्या.

"मास्तर, ही गाडी थांबतच नाही!"

"ब्रेक मारलात का?" यांनी विचारलं.

"मारला की! तुमच्या गाडीत मारत होते तसाच मारला. तुमच्या गाडीत नुसता पाय टेकवला की गाडी थांबायची. माझी पुढेच गेली."

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बघण्यासारखा म्हणजे मला बघवेना असा. बाई ब्रेकवर पाय नुसता टेकवत होत्या, आणि गाडी थांबवत होते हे. त्यांना वाटत होतं, आपल्याला ब्रेक छान जमतो. त्यांनाच काय, गेल्या कित्येक महिन्यांतल्या सगळ्या विद्यार्थ्यांना तसंच वाटत असणार.

"मी तुमच्या वेळी ब्रेकला पायसुद्धा लावला नव्हता," हे म्हणाले. आणि खोटं बोलत नव्हते. मी यांना ओळखते. खोटं बोलताना हे चष्मा पुसतात. चष्मा जागेवर होता.

"लावता तुम्ही," मी म्हटलं. "घरी टेबलाखालीही लावता. झोपेत पलंगालाही लावता. पोटरीवर लाथा मी खाल्ल्यात, मला माहीत आहे."

परक्या माणसासमोर असं बोलायला नको होतं. पण तोंडातून निघून गेलं. हे उठले, दाराबाहेर अडकवलेली आमची पाटी काढून आत आणली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. "दुकान बंद," हे म्हणाले. "मीच म्हणायचो ना." आणि खुर्चीत बसून राहिले. उजवा पाय फरशीवर दाबलेला, गुडघा ताठ.

नर्सबाई आल्या होत्या भांडायला. पण त्या पायाकडे बघून त्यांचा आवाज एकदम खाली आला. बहुतेक त्यांच्यातली नर्स जागी झाली असावी.

"मास्तर, तुम्हाला अपघात झाला होता का कधी?"

"मला काही झालं नाही. माझ्या मेव्हण्याचा पाय मोडला."

"ते नाही विचारलं मी," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी त्यांच्या हॉस्पिटलमधल्या एका डॉक्टरबाईंचं नाव दिलं. अपघातातून वाचलेल्या माणसांशी त्या बोलतात म्हणाल्या. "मोडलेलं नसतं तेही बरं करावं लागतं कधी कधी. आणि खांबाचं राहू द्या, तो मी बघते. मला मात्र परत शिकवायचं, अगदी पहिल्यापासून. फुकट!"

हे आढेवेढे घेत होते. वेड्यांच्या डॉक्टरकडे मी जाणार नाही, लोक काय म्हणतील, वगैरे नेहमीची टेप वाजली. मी एवढंच म्हटलं, "बाईंनी खांब पाडला. उद्या कुणी माणूस पाडला तर?" त्यावर हे निमूट तयार झाले.

डॉक्टरबाई वयाने आम्हाला मुलीसारख्या, पण ऐकून घेण्यात मुरलेल्या. स्वप्नं पडतात का, कुठले रस्ते टाळता का, एकदम दचकता का, सगळं विचारलं. हे एकेका प्रश्नाला "हो" म्हणत गेले. एका घरात राहून मला यातलं निम्मंही माहीत नव्हतं. बाईंनी या दुखण्याला नाव आहे म्हणून सांगितलं, अपघातातून वाचलेल्या पुष्कळांना होतं, आणि त्यात भित्रेपणाचा काही संबंध नाही असंही बजावलं. मग म्हणाल्या, "मास्तर, अपघात संपला हे तुमच्या डोक्याला पटलंय. पायाला अजून कुणी सांगितलेलं नाही. तो कधी दाबला जातो, हे तुम्हाला कळतं?"

"नाही ना," हे म्हणाले. "तेच तर."

परत येताना मी पानाचं गॅरेज गाठलं. "मास्तरच्या ब्रेकला घंटी बसवता येईल का? दाबला की वाजली पाहिजे."

पाना खूश झाला. त्याला असली कामं आवडतात. कुठल्या तरी मोडीत निघालेल्या गाडीचा रिव्हर्सचा बझर काढून त्याने यांच्या ब्रेकला जोडून दिला. पॅडलवर जरा कुठे पाय पडला, की डॅशबोर्डखालून आवाज यायचा, टीं!

आता प्रश्न होता, गाडी चालवायची कुणी? विद्यार्थ्यांना तर हे घेईनात. "घंटी ऐकून ते घाबरतील," म्हणाले. मी पदर खोचला.

"मी चालवते."

"तू?"

"मी. चौकातून चालत आले होते ना, तिथून पुढचं शिकवा."

पहिल्या दिवशी गाडी जागची हलली नव्हती तर टीं. मी किल्ली फिरवली, टीं. समोरून सायकल गेली, तीही पलीकडच्या रस्त्याने, टीं. गल्लीच्या टोकापर्यंत जाताना एवढं टींटीं झालं की दोन बायका खिडकीत आल्या. हे पांढरेफटक पडले होते. आपला पाय एवढा दाबला जातो, हे यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"बंद कर," हे म्हणाले. "लाज वाटते."

"कसली लाज? मी गिअर टाकताना गाडीची हाडं खिळखिळी करतेय, त्याची मला नाही वाटत ती?"

ते खरंच होतं. आम्ही दोघंही सारखेच अडाणी होतो त्या गाडीत, आणि त्यामुळे भांडायला कुणाला तोंड नव्हतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसं करायचो. टीं झालं की मी गाडी कडेला घ्यायची. यांनी समोर नेमकं काय दिसलं ते मोठ्याने सांगायचं. "उभी रिक्षा." धोका होता? "नव्हता." मग पाय उचलायचा, श्वास सोडायचा, पुढे. कधी कधी एकाच रिक्षापाशी आम्ही चहा थंड होईस्तोवर बसायचो. काही दिवस चांगले जायचे, काही दिवस अगदीच नासायचे, एकदा तर हे मधेच उतरून घरी चालत गेले. मीही कधीकाळी चालत गेले होते.

हळूहळू घंटी कमी झाली. मला क्लच जमायला लागला, यांना बडीशेप आठवायला लागली. पण भावाचं नाव मी काढलं की हे अजूनही खिडकीबाहेर बघायचे, आणि भाऊही इकडे फिरकत नव्हता. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी, सकाळी, मी कुणाला न विचारता गाडी भावाच्या घराच्या रस्त्याला घातली. यांच्या लक्षात आलं. पण घंटी गप्प होती.

बाजाराच्या रस्त्यावर कडेला टेम्पो लागलेले होते. मी आपली सावकाश चालले होते, जरा ऐटीतच म्हणा ना. आणि दोन टेम्पोंच्या मधून एक खोकं चालत रस्त्यावर आलं. फ्रिजचं असतं तसलं मोठं रिकामं खोकं, खाली दोन पाय. खोकं धरणाऱ्याला आम्ही दिसणं शक्य नव्हतं. मला तो दिसला, पण माझ्या पायाला काय झालं देव जाणे. तो जागेवरून हललाच नाही. मी फक्त ओरडले.

टीं!

गाडी जागच्या जागी थांबली. खोक्यापासून हातभर अंतरावर. खोक्याच्या मागून एका माणसाने डोकं बाहेर काढलं, आमच्याकडे बघून कसंनुसं हसला आणि पलीकडे निघून गेला. मी गाडी कडेला घेतली. यांच्याकडे बघायची मला भीती वाटत होती. वाटलं, झालं, सगळ्या कष्टांवर पाणी पडलं.

हे खाली वाकून आपल्या पायाकडे बघत होते.

"ब्रेक लागला गं," हे म्हणाले.

"अहो, चुकले मी, माझा पायच..."

"ब्रेक लागला. मी दाबला आणि गाडी थांबली." यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "त्या दिवशी मला ट्रक आधी दिसला होता. त्याच्या आधी. मी ब्रेक दाबला. सगळा जीव एकवटून दाबला. आणि पायाखाली काहीच नव्हतं. नुसतं मॅट."

तेव्हा मला ती बुटाची टाच आठवली. रस्त्याच्या कडेला, गाडीत बसून, आम्ही दोघं रडलो. यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आपण दाबत राहिलो आणि गाडी जातच राहिली, एवढंच घेऊन हा माणूस आमच्यात वावरत होता, आणि आम्ही त्याला नशीबवान म्हणत होतो.

मग यांनी रुमालाने तोंड पुसलं. "चल," म्हणाले. "आणि खोकं दिसलं की ब्रेक मारायचा असतो. ओरडायचं नसतं."

भाऊ दारातच उभा होता. आम्हाला बघून चपापला, त्यातही मला स्टिअरिंगवर बघून जास्त. हे उतरले ते सरळ त्याच्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

"आम्हाला जरा फिरवून आण."

"माझ्या गाडीतून?"

"मग काय पाठंगुळी घेतोस?"

भावाने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मला तरी कुठे काय माहीत होतं! घंटीची सगळी कथा मात्र मी त्याला फोनवर सांगितलेली होती. भाऊ किल्ली घेऊन आला. हे शेजारी बसले. मी मागे, दोन्ही सीटच्या मधोमध, जीव मुठीत धरून. यांच्या पायाशी मॅट होतं. ब्रेक नव्हता.

पहिलंच वळण आलं, एक बस अंगावर आल्यासारखी वळली, आणि यांचा पाय मॅटवर कचकन दाबला गेला.

"टीं," भाऊ म्हणाला.

मी डोळे मिटले. आता हे उतरणार, असंच मला वाटलं.

"ऐकू आलं," हे म्हणाले. "पुढे बघ. काय होतं समोर?"

"बस, भाऊजी."

"धोका होता?"

"नव्हता."

यांनी पाय उचलला. चौक आला. भावाने गाडी थांबवली, अगदी अलगद, पांढऱ्या पट्ट्याच्या आत, यांनी शिकवली होती तश्शी.

"ऐक," हे समोर बघतच म्हणाले. "त्या ट्रकला दिवे नव्हते. तुझ्या जागी मी असतो तरी हेच झालं असतं. मला राग तुझा नव्हता रे. या मॅटचा होता."

भावाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि खांदे गदगदत होते. एवढा मोठा माणूस, दोन मुलांचा बाप, हुंदके देत होता. सिग्नल हिरवा झाला. गाडी हलेना. मागच्याने हॉर्न वाजवला, मग त्याच्या मागच्याने, मग सगळ्यांनीच. भाऊ डोळे पुसत घाईघाईने गिअर चाचपायला लागला. यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"वाजवू दे त्याला," हे म्हणाले. "हॉर्न त्याचा, बॅटरी त्याची. तू हो मोकळा."